अख्खं काशीफळ

२ ऑक्टो., गुरु. दसरा
सकाळी गणपतीला जाऊन आले. आमच्या राजूरला आज पाय ठेवायला जागा न्हाई. शेजारीपाजारी सोनं दिलं-घेतलं. घरात द्यायला कुणी न्हाई, ह्यांच्या फोटोपुढं दोन पानं ठेवली.
महेश आला न्हाई. पुण्याहून फोन आल्ता. "आई, सुट्टी एकच दिवसाची. कोजागिरीला येतो, पक्कं."
काशीफळ तसंच खाटेखाली. यंदा चांगलं पोसलंय, एका हातानं उचलत न्हाई. हे गेल्यापासून दर दसऱ्याला महेशच फोडतो. सासूबाई सांगायच्या, काशीफळ म्हणजे घरचा थोरला लेक. बाईनं अख्खं फोडू नये, लेकावर येतं. घरच्या गड्याचा हात आधी लागला की मंग खुशाल चिरावं. मला एकच लेक. थोरला म्हणा, धाकटा म्हणा.
भोपळ्याच्या घारग्या राहिल्या. वरण-भात, एकटीपुरता.

४ ऑक्टो., शनि.
वरच्या खोलीतल्या भाडेकरूंच्या पोरी, ईश्वरी (चौथीत) अन् धाकटी पिहू, दिवसातनं चारदा येऊन खाटेखाली वाकतात. मागच्या साली आम्ही तिघींनी बिया भाजल्या, तवापासून चटक.
"आजी, आज फोडायचं?"
"महेशकाका आल्यावर."
"तुम्हीच फोडा की."
"बाईनं फोडू नये गं."
ईश्वरी म्हणती, "मंग मला द्या. मी कुठं बाई आहे?"
हसून हसून ठसका लागला. किती दिवसांनी एवढ्या मोठ्यानं हसले.
संध्याकाळी त्यांची आई वैशाली खाली आली. नवऱ्याची बदली, नांदेडला. तो उद्याच निघतोय, सोमवारी हजर व्हायचंय. सामान अन् पोरी शुक्रवारी. "मावशी, तुम्हाला सांगायचा जीवच होईना."
बरं म्हणलं.

६ ऑक्टो., सोम. कोजागिरी
दूध आटवलं. दिवेलागणीलाच वर देऊन आले. वर निम्मी खोकी बांधून झालीत.
महेशचा मेसेज: जमत नाही, दिवाळीला बघू.
बिया धुवायच्या, एक दिवस तरी कडक ऊन, मंग भाजायच्या. पोरी शुक्रवारी जाणार. म्हणजे उद्या फोडलं तरच.

७ ऑक्टो., मंगळ.
महेशला दोनदा फोन लावला. उचलला न्हाई. तो "फोड" म्हणला असता तर माझ्याकडं दोष आला नसता.
देवापुढं बसले. देव काय बोलतो.
पोरी शाळेतून आल्या. काशीफळाला हळदकुंकू वाहिलं, दार लोटून घेतलं.
"आजी, दार कशाला?"
"असंच."
विळीवर मावण्यासारखं न्हाई, कोयता घेतला. गणपतीचं नाव घेतलं, मंग महेशचं. पहिला घाव घसरला. दुसऱ्याला फुटलं. पोरी टाळ्या वाजवून राह्यल्या.
पिहूनं कोपरापर्यंत हात आत घातला. "आजी, आत केस आहेत!"
निम्मं वर दिलं, बाकी गल्लीत वाटलं. मला घास गेला न्हाई.

८ ऑक्टो., बुध.
बिया मिठाच्या पाण्यातून काढून गच्चीवर जुन्या लुगड्यावर टाकल्या. ऊन बराबर पडलंय.
महेशचा मेसेज: मीटिंगमध्ये होतो, काही काम होतं का?
मी लिहिलं, न्हाई, बरा आहेस ना?
नुसता अंगठा आला.
म्हणजे बराच असंल.

९ ऑक्टो., गुरु.
बिया भाजल्या. गॅस कशाला जाळायचा, मागं चूल पेटवली, लोखंडी कढई ठेवली. तडतडायला लागल्या की पिहू दर आवाजाला उडी मारती. ईश्वरीला उलथनं दिलं. धूर डोळ्यात गेला तरी सोडंना.
पहिली मूठ देवाला. मंग तिघी ओसरीवर, सोलून सोलून खाल्ल्या. पिहू सालासकट.
"आजी, नांदेडला येताल?"
"येईन की."
"खोटं बोलताय. तुम्ही जालन्याला सुद्धा जात न्हाईत."
उरलेल्या डब्यात भरून त्यांच्या सामानात. माझ्यासाठी ठेवल्या न्हाईत. एकटीनं काय सोलत बसायचं.

१० ऑक्टो., शुक्र. संकष्टी
टेम्पो दहाला गेला. पिहू रडली. ईश्वरीनं मान फिरवून घेतली.
चंद्र बघून उपास सोडला. वरची खोली झाडायची राहिली.

१२ ऑक्टो., रवि.
दुपारी फोन वाजला. महेश. आपणहून.
"आई, शनिवारी धनतेरसला निघतोय, बहुतेक. काशीफळ हाय ना? फोडून घेतलं न्हाईस ना कुणाकडून?"
तोंडातून निघून गेलं, "हाय की. तुझी वाट बघून राह्यलंय."
"ठेव बरं. माझ्या हातचंच पाहिजे."
फोन ठेवला. खाटेखाली नुसती त्याच्या बुडाखालची चुंबळ. साठीनंतर लेकाशी खोटं बोलले, ते बी देवापुढं बसल्या बसल्या. त्याला आठवण हाय, हे मला माहीतच नव्हतं. माहीत असतं तर फोडलं असतं का? पोरींचे हात डोळ्यापुढं येतात. फोडलं असतं बहुतेक.

१४ ऑक्टो., मंगळ.
देवळाच्या रस्त्याला भाजीवाल्या राधाबाईकडं गेले. एकच अख्खं उरलंय. आपल्यापेक्षा जरा फिकं. महेशला कळंल का?
"अख्खं? आता कोण नेतं मावशी अख्खं, फोडीच नेतात." बोलता बोलता दुसऱ्याच्या फोडी करून राह्यली, सपासप.
मी विचारलं, "तुला भ्याव न्हाई वाटत? लेकरं किती?"
"तीन पोरं. तिघंबी घरीच. म्हणलं एखादा तरी पुण्याला जा, तर हलंना मेले!"
अख्खं दोन्ही हातांनी उचलून बघितलं.
महेश आला न्हाई तर एवढं एकटीला सरायचं न्हाई. अन् आल्यावर नेऊन उपयोग न्हाई, आधीच खाटेखाली पाहिजे. "बहुतेक" म्हणला तो. बाजूला ठेवायला सांगितलं, नक्की काही बोलले न्हाई.
"शनिवार दुपारपर्यंत ठेवते," ती म्हणली. "मंग फोडीन."