नाताळच्या पुस्तकातली शेवटची गोष्ट चोवीस तारखेपर्यंत मिळण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य ग्रंथपाल,
गोदातीर लोकवाचनालय,
नाशिक.

विषय : वार्षिक ग्रंथमोजणीच्या काळात नाताळच्या गोष्टींचे एक पुस्तक घरी देण्याविषयी विनंती.

संदर्भ : आपल्या फलकावरील सूचना, तसेच माझी तोंडी विनंती व तिला मिळालेला तोंडी नकार.

महोदय,

१) मी इगतपुरीस रेल्वेत सांधेवाला होतो. येणाऱ्या गाडीप्रमाणे रूळ जोडून देणे हे माझे काम. गेल्या वर्षी निवृत्त होऊन पत्नी सौ. सुलाबाई हिच्यासह शरणपुरात राहावयास आलो. आम्ही ख्रिस्ती आहोत व आपल्या वाचनालयाचे रीतसर सभासद आहोत.

२) येथे पूर्वी मिशनची एक वाचनखोली होती. तीत नाताळच्या गोष्टींचे एक जुने मराठी पुस्तक होते. डिसेंबर लागला की सुलाबाई इगतपुरीहून येऊन ते घेऊन जाई आणि आमच्या रेल्वेच्या चाळीत रोज दिवेलागणीला एक गोष्ट मोठ्याने वाची. चाळीत ख्रिस्ती घर आमचे एकट्याचेच, पण ऐकायला सगळी बायकामुले हजर. शेवटची गोष्ट मात्र चोवीस तारखेच्या संध्याकाळीच वाचायची, एक दिवसही आधी नाही, असा तिचा दंडक. मी निवृत्त झालो त्याच वर्षी ती खोली बंद पडली व तेथील पुस्तके आपल्या वाचनालयास देण्यात आली. आम्हास बरेच वाटले, कारण आपली इमारत आमच्या घरापासून जवळ आहे.

३) परंतु आपली ग्रंथमोजणी १५ ते ३१ डिसेंबर असते. त्या काळात सर्व पुस्तके कपाटात हवीत आणि देवघेव बंद. म्हणजे नाताळचे पुस्तक वर्षभर केव्हाही मिळते, फक्त नाताळात मिळत नाही. गेल्या वर्षी हे प्रथम कळले. खिडकीवरील श्री. भिका मला म्हणाले, “बाबा, जानेवारीत या. गोष्ट काय पळून चालली का?” माणूस मनाने वाईट नाही. मी जानेवारीत पुस्तक आणले, पण सुलाबाईने ते उघडले नाही. म्हणाली, “नाताळची गोष्ट जानेवारीत सांगितली तर ती गोष्ट राहत नाही, बातमी होते. पुढच्या वर्षी बघू.” आमच्या शेजारीण झुंबरबाई, ज्या गुलाब-शेवंती बाजारात नेऊन विकतात, त्यांनीही तिला समजावले, “देवाची गोष्ट हाय ना, मंग कवा बी वाचा की.” तिने ऐकले नाही. ती हट्टी आहे, हे अर्जात लिहिण्यास माझी हरकत नाही.

४) आता मूळ मुद्दा. ती शेवटची गोष्ट मी आजवर ऐकलेली नाही. पंचवीस तारखेस मला घरी राहता यावे म्हणून माझा सोबती चिमाजी माझी पाळी करी, व त्याच्या बदल्यात चोवीसच्या संध्याकाळची त्याची पाळी मी करी. दिवाळीत अशीच अदलाबदल उलट. त्यामुळे घरातून निघता निघता पहिले पान तेवढे कानावर पडे. एका म्हातारीने नाताळच्या संध्याकाळी दोन ताटे वाढली, येथवर मला ठाऊक आहे. दुसरे ताट कोणासाठी, ते पुढच्या पानावर आहे. चाळीतल्या सगळ्यांना ते माहीत होते. चिमाजीलाही त्याच्या बायकोकडून कळले होते. एकदा तो मला सांगू लागला, तर सुलाबाईने त्याला गप्प केले. “भावजी, ह्यांना कुणी सांगायचं नाही. रिटायर झाले की मी वाचून दाखवणार.” त्या दिवसाची आम्ही दोघांनी पुष्कळ वाट पाहिली.

५) यंदा दिवाळीनंतर तिच्या घशात कॅन्सर निघाला. मुंबईस ऑपरेशन झाले आणि आवाज गेला तो गेलाच. डॉक्टर म्हणाले, घरी न्या, त्यांना आवडेल ते करा. घरी आणले तेव्हा पंधरा तारीख उलटून गेली होती, आणि तिला आवडेल ते आपल्या कपाटात बंद झाले होते. पाटीवर दोन शब्दांपलीकडे तिचा हात चालत नाही. मी विचारले, शेवट लिहून सांगतेस का? तिने लिहिले, “तुम्ही वाचा.” तेव्हा या वर्षी मी वाचणार व ती ऐकणार, असे ठरले आहे. साहेब, जी गोष्ट तिच्या आवाजात सगळ्या चाळीने ऐकली, ती ऐकायचा मी तेवढा राहून गेलो, याचे मला फार वाईट वाटते.

६) नियम मोडावा असे माझे म्हणणे नाही. माझा जन्म नियमात गेला, व सांधा चुकला तर काय होते ते मी जाणतो. म्हणून नियमात बसेल असे सुचवीत आहे. मोजणीच्या मंडळींनी आमच्या घरी येऊन पुस्तक मोजावे. एकच असल्याने वेळ लागणार नाही, चहाही होईल. ते अशक्य असल्यास सुलाबाईस मीच वाचनालयात आणतो. झुंबरबाई फुलांची हातगाडी देण्यास तयार आहेत. आम्ही कोपऱ्यात बसू, हवे तर आम्हालाही मोजावे. तेही न जमल्यास, आपल्याच सूचनेत खाली लिहिले आहे की दिवाळी अंकांची देवघेव मोजणीतही चालू राहील, कारण ते पुस्तकांत धरले जात नाहीत. तरी सदर पुस्तक चोवीस तारखेपुरते दिवाळी अंक समजण्यात यावे. त्यात गोष्टी आहेत, चित्रे आहेत आणि सणही आहे. आमच्या पाळकसाहेबांना विचारले, त्यांची हरकत नाही. श्री. भिका हे ऐकून आधी हसले. मग हसायचे थांबले व म्हणाले, “लेखी द्या, बाबा.” म्हणून हा अर्ज.

७) वरीलपैकी काहीच होण्यासारखे नसेल, तर पुस्तक जागेवरच राहू द्यावे. आपल्यापैकी कोणीतरी ती एकच गोष्ट कागदावर उतरवून द्यावी. कागद मोजणीत येत नाही. सुरुवात उतरवण्याची गरज नाही, ती मी तोंडपाठ म्हणेन. दोन ताटांच्या पुढून उतरवावे. अक्षर मोठे असावे, माझी नजर आता कमी झाली आहे. उतरवणाराने कृपा करून शेवट मला आधी तोंडी सांगू नये.

८) चोवीसची संध्याकाळ उलटून गेल्यास कागद पाठवण्याची तसदी घेऊ नये. मी एकटा ती गोष्ट वाचणार नाही.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून असलेला
आपला नम्र सभासद,

सावळीराम पुंजाराम त्रिभुवन
शरणपूर, नाशिक
दि. १९ डिसेंबर १९८४

सोबत : सभासदाचे कार्ड, डॉक्टरांच्या पत्राची नक्कल, रेघा मारलेले कोरे कागद.