सहावं बोट

लोणावळा, २० ऑगस्ट २०२३

ती. विठाआत्यास,
प्रेरणाचा सा. न. वि. वि.

फोनवर मी नुसतीच रडले, म्हणून आता नीट लिहिते. हॉटेलच्या काउंटरवरून सुटले की मी मोबाईलवर चित्रं काढून आमच्या ऑनलाइन चित्रगटात टाकते, हे तुला ठाऊक आहेच. हल्ली गटात एआयची चित्रं शिरलीत. चार शब्द लिहिले की यंत्र चित्र काढून देतं आणि लोक ते स्वतःचं म्हणून मिरवतात. त्यामुळे जो तो दुसऱ्याकडे संशयाने बघतो.

मी भातलावणीचं चित्र टाकलं. खाचरात वाकलेली तू, हातात रोपांची जुडी. यंत्राला बोटं जमत नाहीत म्हणे, त्यामुळे तुझ्या उजव्या हाताची सहा बोटं पाहून 'हे यंत्राचंच' म्हणत सगळे माझ्यावर तुटून पडले. पुरावा दिला नाही तर गटातून काढतील आणि पुण्याच्या प्रदर्शनासाठी निवडलेलं हे चित्रही जाईल. काढतानाचे टप्पे मी मोबाईलमध्ये जागा नाही म्हणून पुसून टाकले, हा माझाच गाढवपणा.

आत्या, एक बोट पुसून टाकू का? की तुझ्या हाताचा फोटो देशील? विचारायलाही भीती वाटते. रागावू नकोस.

तुझ्या मायेची भुकेली,
प्रेरणा


वडिवळे, २४ ऑगस्ट

चि. प्रेरणास,
अ. उ. आ.

राग आला, खरं सांगते. मला न विचारता माझा हात जगापुढे मांडलास! मला बघायला आलेली माणसं आधी हात बघायची आणि चहा न घेता उठायची. पुढे सासूबाई म्हणाल्या, चारचौघांत पदराखाली ठेवत जा. ती सवय अजून जात नाही. चिखलात मात्र दोन्ही हात लागतात. तू तेव्हाच बघून ठेवलंस वाटतं, चोमडी कुठली!

पण बोट पुसू नकोस. पुसलंस तर चित्र खरंच खोटं होईल. सूनबाईकडून, कोमलकडून, फोटो काढून घेतलाय, ती मोबाईलवर पाठवेल. ओट्यावर ठेवलेला हात दोनदा आपोआप पदराखाली गेला. कोमल म्हणत होती, आत्याबाई, हात लय आत घेताय, जरा दम धरा.

वेळेवर जेवत जा. जीव तुझ्याकडे लागलाय.

तुझी आत्या
विठाबाई


लोणावळा, २९ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

लिहायला लाज वाटते. तुझा फोटो गटात टाकला, तर तोही यंत्राने बनवलेला ठरवला. एकाने बोटाभोवती लाल गोल काढला आणि त्यावर सगळे हसत बसले. मला काढून टाकलं, चित्रही प्रदर्शनातून गेलं. त्याचं दुःख आहेच, पण तू जन्मभर झाकलेला हात मी लोकांच्या हसण्याचा विषय केला. फोटो तरी गटातून हटवा म्हणून एकेकाला विनवलं, पण तो अजून तिथेच आहे.

माया कमी करू नकोस, एवढंच मागते.

प्रेरणा


वडिवळे, २ सप्टेंबर

चि. प्रेरणास,
अ. उ. आ.

रडणं पुरे. गटातलं ते सगळं कोमलने मला मोबाईलवर वाचून दाखवलं. हसले त्याचं मला काही वाटलं नाही, हसणारे मी पुष्कळ पाहिलेत. पण आजवर लोक या हाताकडे नको तितकं बघायचे, आणि हे म्हणतात असा हात नाहीच. तेव्हापासून कसंतरीच होतंय. काल भाकरी थापता थापता थांबले आणि बोटं मोजून पाहिली.

पुढच्या रविवारी ये. माझ्यासमोर बसून हा हात पुन्हा काढ. कुठेही टाकू नकोस. मला बघायचाय.

वाट बघते,
तुझी आत्या
विठाबाई