नमुन्याचा कागद

प्रिय खारुताई,

तुझा लिफाफा पोचला. आत दोन कागद निघाले, एक कोरा नि एक भरलेला. कोरा माझा, भरलेला नुसता नमुना, असं तू फोनवर सांगितलं होतंसच. हे पत्र खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई लिहून घेतायत. जन्मभर लोकांची मापं लिहून त्यांचं अक्षर फार छान झालंय म्हणतात. मला काय, मला सगळीच अक्षरं म्हणजे मुंग्यांची रांग. मी बोलेन तेच उतरवायचं, पदरचं काही घालायचं नाही, असं त्यांना बजावलंय.

खरं सांगते, कागद आला तेव्हा पहिला संशय मला तुझ्या बापाचा आला. माणूस आपल्या सवयींपायी वर्षभरात किती कार्बन हवेत सोडतो त्याचा अंदाज काढायचा, हे तुझ्या ऑफिसचं काम, ते मला ठाऊक आहे. पण माझ्यासारख्या म्हातारीचा धूर मोजून कुणाचं काय भलं होणार? आणि प्रश्न तरी कसले! खोल्या किती, वापरात किती, हीटर कुठे, किती तास. मी मनात म्हटलं, हे धुराचं नाही, दुसरंच काहीतरी शिजतंय. दोन वर्षं झाली, तुझा बाप मला त्याच्याकडे न्यायला टपून बसलाय. मला जिना झेपत नाही एवढं कळायचा अवकाश, की आलाच सामान बांधायला. म्हणून मी सावध उत्तरं दिली. जिना चढून जायची ती वरची खोली? रोज वापरते. हीटर? तिथेच, तासभर. गरम पाणी? एक बादली, तीही अर्धीच. शिंपीणबाई चष्म्यावरून माझ्याकडे बघत होत्या, पण मुकाट्यानं लिहीत गेल्या.

आता उत्तर कसं द्यायचं ते मला कळावं म्हणून प्रत्येक प्रश्नाला त्या आधी नमुन्यातलं उत्तर वाचून दाखवायच्या. तिथेच तू फसलीस, बाळ. ज्याला अक्षर येत नाही त्याच्यापुढे कागद उघडा टाकायला कुणी भीत नाही. तुझे आजोबाही भ्यायचे नाहीत. त्यांच्या कागदांवरून मला काय काय कळलं होतं, ते आता जाऊ दे, माणूसच राहिला नाही.

अंघोळ, तर म्हणे ऐन उन्हाळ्यातही कडकडीत पाणी, दोन बादल्या. माझे कान उभे राहिले. नवी चप्पल एकही नाही, जुनीलाच दोनदा तळ लावलेत. लांबचा प्रवास वर्षात एकच, रेल्वेनं, जाऊन येऊन तेरा तास. एवढा वेळ गाडीत बसून कढत पाण्याच्या दोन बादल्या संपवायला माझ्याकडे येणारं माणूस जगात एकच आहे. वर नाव खोडून नमुना लिहिलंस म्हणून काय झालं? लहानपणी फ्रॉकच्या खिशात नाही नाही ते लपवायचीस म्हणून तर तुला खारुताई म्हणतो आम्ही. आणि लपवलंस कुठे, ते शेपटीनं सगळ्यांना दाखवत फिरायचीस.

मग मी तो नमुना शिंपीणबाईंना पहिल्यापासून वाचायला लावला. मोटार, शून्य. मागे तू माझ्यासमोर बसून असाच कागद भरला होतास, तेव्हा मोटारीवरूनच तुम्हां दोघांची जुंपली होती. नातजावई म्हणत होते, मोटार माझी, धूरही माझा. तू म्हणत होतीस, शेजारी मी बसते, तेव्हा निम्मा माझा. मी तर पोट धरून हसले होते. धुराच्या वाटणीवरून भांडणारं जोडपं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. आता तो निम्मा कुठे गेला? मोटार विकली असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण पुढचं ऐक. कपडे धुवायचं मशीन पंधरवड्यातून एकदा. दोन माणसांचे कपडे पंधरा दिवस दम धरत नाहीत गं. चूल पेटते रविवारी, बाकी सहा दिवस बाहेरचं. आणि झोपायच्या खोलीतला दिवा, रात्रभर. सोबतीला कुणी असलं की तू स्वतः उठून दिवा मालवायचीस. एकटी असलीस तरच तुला तो लागायचा. हे काही मला कागदानं शिकवायला नको.

शेवटी तो भागाकार. तूच समजावलं होतंस मला, की विजेचं नि गॅसचं जे काही येईल त्याला घरातल्या माणसांच्या आकड्यानं भागायचं. तेव्हा दोननं भागलं होतंस. शिंपीणबाई म्हणाल्या, आजी, इथे एकनं भागलंय. मग म्हणाल्या, एकनंच भागायचं तर भागायचं कशाला? गेल्या खेपेला, नातजावयांना सुट्टी मिळाली नाही, हे तू चार वेळा सांगितलंस. खरी गोष्ट माणूस एकदा सांगून मोकळं होतं.

काय झालं, कुणाचं चुकलं, मी विचारत नाही. सांगावंसं वाटेल तेव्हा सांग. फोनवर तू आवाज सावरून बोलतेस, तुझ्या कागदाला ते जमलं नाही, म्हणून मीही कागदावरच बोलतेय. आता माझं ऐक. माझाही कागद खोटा आहे. थंडी पडल्यापासून मी वरच्या खोलीत पाऊल टाकलेलं नाही. गुडघे जिना बघूनच रुसतात. खाट स्वयंपाकघरात आणलीय आणि हीटर दिवसभर पायाशी असतो. माझ्याकडेही भागाकार एकनंच. म्हणजे दोन घरांत दोन हीटर जळतायत, आणि दोघी एकमेकींना सांगतोय, सगळं ठीक आहे. एवढा धूर काय कामाचा? तुझं घर तळमजल्यावर आहे. येत्या शुक्रवारी सकाळच्या गाडीत शिंपीणबाई मला बसवून देतील, तू उतरवून घ्यायला ये. तुझ्या बापाला इतक्यात कळवू नकोस. आणि उगाच गैरसमज नको, मी काही तुझ्यासाठी येत नाही, तुझ्या त्या कार्बनासाठी येतेय. माझा कागद फाडून टाक. तुझ्या कागदावर घरातली माणसं किती, तिथे दोन लिहून ठेव. दिवा मात्र मी आले की मालवावा लागेल. मला उजेडात झोप येत नाही.

तुझीच,
अंगठेबहाद्दर आजी

(खालचा अंगठा माझाच आहे. शिंपीणबाईंच्या बोटांना सुया टोचलेल्या असतात, नीट बघ.)