मामा गेले, दुकान चालू

तीर्थरूप मामांना,

ग्रीस पुसलेल्या दोन्ही हातांनी नमस्कार. (कागदाच्या कोपऱ्यावर उमटलेला काळा अंगठा माझाच आहे, पत्र अस्सल असल्याची खूण समजावी.) डोळा कसा आहे? पाणी यायचे थांबले का? औषधाचे थेंब वेळेवर घालून घेता, की थेंब पडायच्या आतच डोळा मिटून मामीशी वाद घालता? डॉक्टरांनी तुम्हाला महिनाभर वाचायची बंदी केली आहे, म्हणजे हे पत्र मामीच वाचून दाखवणार, हे धरूनच लिहिते आहे. मामी, तुझ्या गुडघ्याची चौकशी मागाहून करते म्हणून रागावू नकोस, तो पहिल्यापासून माझ्या मनात आहे. मधे मधे कंसात तुझ्यासाठी सूचना आहेत, त्या मोठ्याने वाचायच्या नाहीत. खरे तर फोनच केला असता, पण मामा फोनवर "ठीक? ठीक." एवढे बोलून ठेवून देतात, आणि मला जे सांगायचे आहे ते दोन 'ठीक'च्या मधे बसणारे नाही.

दुकान उत्तम चालले आहे. कॉम्प्रेसर एकदा रुसला होता, पट्टा बदलल्यावर बोलायला लागला. पाण्याच्या टबाला चीर गेली, तिला मी ट्यूबचाच पॅच लावला (पॅच धरला की नाही हे बघायची मात्र पंचाईत झाली, कारण टब टबात बुडवता येत नाही). निघताना तुम्ही घातलेली अट माझ्या पक्की लक्षात आहे. तीस दिवसांत एकही गाडी काम न होता परत गेली नाही तर दुकान माझे, एक जरी गेली तरी जागा जावयांना, शीतपेयांच्या दुकानासाठी. जावई परवा येऊन फ्रीज कुठे ठेवायचा ते मापून गेले. मी टेपचे दुसरे टोक धरले, पाहुण्याला नाही कसे म्हणायचे. आज अठरावा दिवस आहे आणि एकही गाडी परत गेलेली नाही.

रस्ता तुम्ही ठेवून गेलात तसाच आहे, फक्त जरा जास्त. वजनकाट्यापासून पुलापर्यंत गेल्या आठवड्यात कंत्राटदाराच्या माणसांनी खड्ड्यांत खडी टाकली आणि वर माती ओढली. दोन दिवसांत माती उडाली, खडी टायरांत शिरली आणि खड्डे आपापल्या जागी सुखरूप परतले. ड्रायव्हर लोक रस्त्याला नावे ठेवतातच, आता त्यांनी खड्ड्यांनाही नावे दिली आहेत. एकाचे नाव 'सासूबाई' (कोणत्याही बाजूने गेलात तरी बोलणी बसतातच), आणि पुलाजवळचा मोठा आहे तो 'साहेब', कारण त्याच्यापुढे भल्याभल्यांना वाकून जावे लागते. आपल्या धंद्याच्या दृष्टीने दोघांचीही प्रकृती चांगली आहे.

आता मूळ गोष्ट. (मामी, त्यांना उशीला टेकून बसव.) पहिले दोन दिवस माझ्या नाकी नऊ आले, ते कामाने नव्हे, उत्तरे देऊन. गाडी थांबली की ड्रायव्हर खाली उतरून माझ्या डोक्यावरून मागे बघायचा आणि विचारायचा, मामा कुठे आहेत. मी टायर उघडायला घेतला की म्हणायचा, राहू दे ताई, मामा येईपर्यंत थांबतो. एक जण तर दोन तास थांबला, आणि शेवटी तो डुलकी घेत असताना मी त्याचे पंक्चर काढून टाकले. तेव्हा दर गाडीला तीच कथा सांगण्यापेक्षा पाटी लावावी असे मी ठरवले. आधी लिहिले होते, 'मामा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी शहरात गेले आहेत, महिन्याने येतील, तोपर्यंत सर्व कामे भाची करते.' मग तुमची शिकवण आठवली. पाटीवर तीनच शब्द, कारण धावत्या गाडीतला माणूस चौथा शब्द वाचेपर्यंत वळणापलीकडे गेलेला असतो. मी खोडत खोडत चार शब्दांवर आणले, त्याखाली काही जाता जाईना. दोन ओळींत, ठळक, पांढऱ्या रंगात लिहिले: 'मामा गेले. दुकान चालू.'

हसू नका, टाक्यांवर ताण येईल. मला खरोखर काही खटकले नाही. अक्षर छान आले होते, त्याकडेच बघत बसले.

तिसऱ्या दिवशी सकाळी टँकरवाले काका आले. पाटीसमोर उभे राहिले, टोपी काढली आणि तशीच हातात धरून ठेवली. मला वाटले, टायर फारच वाईट फाटला असावा. मग ते अगदी हळू आवाजात विचारू लागले आणि मी पान्याने बोल्ट सोडवत उत्तरे देत गेले.

"कधी?"

"सोमवारी सकाळी."

"असं एकाएकी?"

"एकाएकी कसलं, दोन वर्षं अंगावर काढलं. कोणाचं ऐकतात का ते?"

"त्रास झाला का फार?"

"छे, वीस मिनिटांत आटोपलं. त्यांना कळलंसुद्धा नाही."

"आणि मामी?"

"मामीपण सोबतच गेली. त्यांना एकटं कसं सोडणार?"

यावर काका जवळच्या टायरवर मटकन बसले. (मामी, हा धक्का तुला वाचता वाचता बसला याचे मला फार वाईट वाटते, पण तू आता इतक्या लांब आली आहेस तर पुढेही वाच.) जाताना काही म्हणाले का, असे त्यांनी शेवटी विचारले. मी म्हटले, जॅकला तेल घालत जा म्हणाले. काकांनी डोळे पुसले आणि गेले. जॅकच्या तेलावर रडणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला, पण उन्हातून आलेला माणूस, म्हटले असेल काहीतरी.

त्या दिवसापासून दुकानावरून जाणारा प्रत्येक ट्रक वेग कमी करून एकदाच, लांबलचक हॉर्न वाजवू लागला. मी प्रत्येकाला हात करायचे. डोक्यात प्रकाश पडला तो चौथ्या दिवशी, पुढच्या वळणावरचा पंक्चरवाला, आपला खिळेवाला, आला तेव्हा. (त्याला आपण खिळेवाला का म्हणतो हे मामीला माहीत नसेल तर तिला सांगा. नाहीतर नको, तोच सांगून गेला आहे.) तो आला, माझ्यासमोर हात जोडून उभा राहिला आणि ढसाढसा रडत कबूल झाला की बारा वर्षे वजनकाट्याजवळ खिळे तोच टाकत होता. मामांना कळत होते, म्हणाला, पण कधी तोंडावर बोलले नाहीत, उलट त्याला गरम पॅच बसवायला त्यांनीच शिकवले. आणि पिशवीतून तुमचा चोवीस नंबरचा पाना काढून टबावर ठेवला. तोच, जो मी हरवला म्हणून तुम्ही मला एक अख्खा उन्हाळा बोलत होता. त्याच्या तोंडून "देव त्यांच्या आत्म्याला" एवढे शब्द आले तेव्हा कुठे मी वळून पाटी वाचली. पहिल्यांदाच, ड्रायव्हरसारखी, लांबून. माझ्या तोंडचे पाणी पळाले.

तुम्ही म्हणाल, मग लगेच पाटी पुसायची. पुसली की. पण ट्रकला निदान ब्रेक असतो, बातमीला तोही नाही. तीन जिल्ह्यांपलीकडचे ड्रायव्हर विचारत येऊ लागले. मी प्रत्येकाला सांगितले की अहो, मामा जिवंत आहेत, मी कालच मामीशी फोनवर बोलले. त्यावर एक जण माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, पोरी, मनाला लावून घेऊ नकोस. दुसऱ्याने बाजूला जाऊन क्लीनरला सांगितले, हिला त्या दोघांशी बोलल्याचे भास होतात, हिच्याशी सांभाळून बोल. तिसऱ्या वेळी मी ओरडले तेव्हा त्यांनी मला पाणी पाजले आणि स्वतःच चाक उतरवून दिले. चौथ्यांदा मी काही बोलले नाही. तेवढे मी कबूल करते.

याच सुमारास ती बस अडकली. कंडक्टर एका ट्रकमधून उतरून धावत आला, पुलापलीकडे मागचे चाक बसले आहे, चाळीस माणसे उन्हात आहेत. मी स्कूटरला जॅक बांधला, टायर उचकटायची टामी, पाने, मोठे पॅच, सोल्युशन, सगळे घेतले आणि निघाले. 'साहेबां'ना वाकून चुकवले आणि 'सासूबाईं'नी नेमके गाठले. स्कूटरचे पुढचे चाक गेले (म्हणजे पंक्चर झाले. हा शब्द मी आता जपून वापरते). बसच्या चाकाला लागेल ते सगळे माझ्याजवळ होते, स्कूटरच्या ट्यूबला लागेल असा छोटा पॅच मात्र एकही नाही. पंक्चरवालीला पंक्चर झाले, सांगायचे कोणाला? जॅकसकट स्कूटर दीड किलोमीटर ढकलली. बसपाशी पोचले तेव्हा मी घामाने डबडबले होते आणि धुळीने डोळे लाल झाले होते. कंडक्टरने तोवर प्रवाशांना सगळे सांगून ठेवले होते. मला बघताच सगळी बस उठून उभी राहिली. कोणी बसायला जागा दिली, कोणी वारा घातला, जॅकला हात लावू देईनात. अशा दिवशीसुद्धा कामाला आली, म्हणाले. शेवटी कंडक्टरने दोन मिनिटे शांतता पाळायला लावली. तुम्हाला कधीही न पाहिलेली चाळीस माणसे तुमच्यासाठी मान खाली घालून उभी होती, आणि एक बाई तर हमसून रडल्या. नंतर म्हणाल्या, सकाळपासून रडायचे होते, निमित्त मिळत नव्हते. मग मी चाक काढले, पॅच बसवला, आणि जाताना स्कूटर बसच्या टपावर घालून दुकानापर्यंत आणली.

मामा, आता थोडे खरे बोलते. आधी हे लोक तुमच्यासाठी थांबत होते. दुःखात माणूस वाद घालत नाही, स्टुलावर गप्प बसतो, आणि त्या गप्प बसण्यात माझे काम बघतो. माझा पॅच तीनशे किलोमीटर टिकला की परतीच्या वाटेवर हवा बघून घ्यायला तो माझ्याकडेच येतो. आता कोणी माझ्या डोक्यावरून मागे बघत नाही. आणि तुमच्याबद्दल काय काय बोलतात! वीस वर्षे मी तुमच्या शेजारी राहिले आणि यातले अर्धेही मला ठाऊक नव्हते. तुम्हाला तर एकही ठाऊक नसणार, कारण कोणी चांगले बोलू लागले की तुम्ही कॉम्प्रेसर चालू करता. ऐकता ऐकता एकदोनदा मलाही रडू आले, तुम्ही तिकडे आरामखुर्चीत पपई खात आहात हे माहीत असूनसुद्धा. मला तुमचा फार अभिमान वाटला, आणि हे समोर सांगायची सोय नाही म्हणून लिहून टाकते.

असो. मामीला नमस्कार, तिच्या गुडघ्याला तेल लावत जा. डोळा चोळू नका.

तुमची भाची

ता. क. ताकाला जाऊन भांडे कशाला लपवू? मामी म्हणाली, तुम्ही रविवारी इकडे यायचे म्हणता. कृपा करून येऊ नका. अजून बारा दिवस आहेत, तेवढे दिवस तुम्ही गेलेलेच बरे. तुम्ही अचानक दुकानाच्या दारात दिसलात तर एखादा ड्रायव्हर गाडी सरळ शेतात घालेल. शिवाय ज्यांनी टोपी काढली त्यांना फसवल्यासारखे वाटेल, आणि तो राग माझ्यावर निघेल. अट पुरी झाली की या, मी स्वतः पाटी लिहीन, 'मामा आले'.

ता. क. पत्र टपालाने पोचायला वेळ लागेल म्हणून टँकरवाल्या काकांच्या हाती देते आहे, ते उद्या तुमच्याच शहरात माल उतरवणार आहेत. पाकिटावर तुम्हा दोघांचेही नाव घालायची सोय राहिलेली नाही, म्हणून ज्यांच्या घरी तुम्ही उतरला आहात त्या तुमच्या चिरंजीवांचे घातले आहे. काका त्यांचे सांत्वन करणार आहेत, तसे म्हणालेत. तेव्हा दार चिरंजीवांनीच उघडावे, तुम्ही दोघे स्वयंपाकघरात थांबावे आणि मामा, खोकू नये. हे तुम्ही वाचाल तोवर ते येऊन गेलेले असतील हे मला आत्ता लिहिताना सुचते आहे. काका तुम्हाला बघून जमिनीवर पडले असतील तर आधी तोंडावर पाणी मारा, मग समजावून सांगा. माणूस चांगला आहे.

ता. क. मामी, हे सावकाश वाच. वर मी लिहिले की एकही गाडी परत गेली नाही. एक गेली. काकांचीच. त्या दिवशी ते त्यांची स्टेपनी, म्हणजे जादाचे चाक, दुरुस्तीला घेऊन आले होते. मी ती उघडायला घेतली होती. ते "आज नको" म्हणाले आणि तशीच घेऊन गेले. मी हाक मारली नाही. या रस्त्यावर दोन आठवडे ते चांगल्या स्टेपनीशिवाय भरलेला टँकर चालवत होते. काल परत आले तेव्हा सांगत होते, अकरा वर्षांपूर्वी त्यांचा पुढचा टायर बघून तुम्ही गाडीची किल्ली काढून घेतलीत आणि दुसरा टायर येईपर्यंत दिवसभर दिली नाहीत. त्यांनी तुम्हाला नाही नाही ते ऐकवले, तुम्ही ऐकत पंक्चर काढत बसलात. त्यामुळे मी घरी पोचलो, म्हणाले. मामा, मी किल्ली काढून घेतली नाही. मला सुचलेसुद्धा नाही. काल ती स्टेपनी नीट केली, दोनदा पाण्यात बघितली, पॅच धरला आहे. पण अटीप्रमाणे मी तिसऱ्याच दिवशी हरले आहे. रविवारी यायचे असेल तर या.