पेंग्विन, तत्त्व आणि भाऊजींचा चष्मा

तीर्थरूप ताईस,

धाकट्या (आणि तुझ्या मते अजून न सुधारलेल्या) भावाचा वाकून नमस्कार. इकडे आम्ही तिघंही ठणठणीत आहोत. तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजी कसे आहेत? त्यांची भूक, झोप, संध्याकाळचं फिरणं सगळं व्यवस्थित चालू आहे ना? चालताना दारा-खिडक्यांना आपटत नाहीत ना? (सहज विचारलं.) हे पत्र लांबणार आहे, तेव्हा चहा घेऊनच बस. मागच्या पत्रासारखं हे तांबड्या पेनाने सुधारून परत मात्र पाठवू नकोस. मुख्याध्यापिका म्हणून तू निवृत्त झालीस ते सगळ्या गावाला मान्य आहे, फक्त तुलाच ते कोणी कळवलेलं दिसत नाही.

विषय शाळेचाच आहे म्हणून तुला लिहितोय. आपल्या लहानपणी परीक्षा संपली की शाळा संपायची. आमच्या भिंगरीच्या शाळेत परीक्षा संपली की शाळेला नुसता ऊत येतो. पुस्तकं कपाटात गेली, बाई पेपर तपासायला बसल्या, पण पोरांची हजेरी सक्तीची. मग दिवसभर त्यांचं करायचं काय? तर आज उलटे कपडे घालून या, उद्या वर्तमानपत्राची टोपी करून आणा, परवा घरातली रिकामी खोकी आणा. ह्या सूचना मोबाइलवर येतात त्या नेमक्या आपण जेवायला बसल्यावर, म्हणजे बाजार बंद झाल्यावर. खोक्यांच्या दिवशी मी घाईघाईत दुकानातली चष्म्यांची रिकामी घरं पिशवीत कोंबून दिली. त्यांचा वर्गाने एक रोबो केला. फार छान झाला म्हणे. फक्त बँकेतल्या कॅशियरबाईंचा तयार चष्मा एका घरात राहिला होता तो रोबोच्या पोटात गेला, आणि रोबो प्रदर्शनात मांडलेला असल्यामुळे त्याचं पोट फाडायला वर्गबाईंची परवानगी काढावी लागली. तोवर कॅशियरबाई लोकांच्या सह्या कागद नाकाला लावून तपासत होत्या. उरलेला वेळ शाळेने सिनेमावर भागवला. एक पेंग्विनचं पिल्लू घर चुकतं आणि शेवटी घरी पोचतं, एवढीच गोष्ट. ती आमच्या लेकीने त्या आठवड्यात दोनदा पाहिली. मी विचारलं, दुसऱ्यांदा काय निराळं होतं? तर म्हणाली, दुसऱ्यांदा आवाज येत होता.

आता माझा स्वभाव तुला माहीत आहे. मी डोळे तपासणारा माणूस. लोकांना स्पष्ट दिसावं ह्यावर माझं पोट चालतं, त्यामुळे मलाही सगळं स्पष्टच दिसतं अशी माझी एक समजूत आहे. मी पालकांच्या ग्रुपवर एक खरमरीत निवेदन टाकलं. (ते मी इथे उतरवून देणार होतो, पण त्यात ‘बाल्याचे अमूल्य क्षण’ असे शब्द आहेत, आणि आता माझ्याच्याने ते वाचवत नाहीत.) शाळा मुलांचा वेळ वाया घालवते, तेव्हा शेवटचा आठवडा आपण कोणीच मुलांना पाठवू नये, असा त्याचा मथितार्थ. काय सांगू ताई, अंगठ्यांचा पाऊस पडला! एका आईने मला वाघ म्हटलं. मोटार चालवायला शिकवणाऱ्या मास्तरांनी, म्हणजे त्यांचाही मुलगा ह्याच वर्गात, ‘तुम्ही पुढे व्हा, आम्ही मागे आहोत’ असं लिहिलं. सगळ्यांनी मिळून मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, आणि मीही वरून गावाची शोभा बघत बसलो. मग मुख्याध्यापिकाबाईंना जाऊन भेटलो. त्यांनी माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं, मध्ये एकदा शिपायाला खिडकी लावायला सांगितली, आणि म्हणाल्या, घरी आणखी चांगलं शिकवणार असाल तर अवश्य शिकवा, हजेरीचं मी बघते. मी भांडायला गेलो होतो गं. समोरचा भांडलाच नाही तर माणसाने करायचं काय?

त्या संध्याकाळी जेवताना भिंगरी म्हणाली, बाबा, मला शाळेत जायचंय. कुरळी चाललीय. कुरळी म्हणजे तिची बाकावरची शेजारीण, केसांवरून पडलेलं नाव. पहिलीपासून दोघी एकाच बाकावर, डबासुद्धा एकमेकींचाच खातात. तिच्या वडिलांची बदली झाली आणि शाळा संपली की ते गाव सोडणार. आता अभ्यास नाही तर दिवसभर दोघींना एकत्र बसता येतं, आणि हे शेवटचेच दिवस आहेत, असं लेकीने मला अगदी नीट, घास खाली ठेवून सांगितलं. आणि मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, बाळ, हा तत्त्वाचा प्रश्न आहे. तिने घास पुन्हा उचललाच नाही. तुझी भावजय रात्रपाळीला दवाखान्यात निघाली होती, ती दारातून एवढंच म्हणाली की दिव्याखाली अंधार असतो हे ऐकलं होतं, चष्म्याखालीही असतो हे आज कळलं. मी तिकडे लक्ष दिलं नाही. तत्त्वाच्या माणसाला घरातून विरोध व्हायचाच.

सोमवारी अख्ख्या वर्गात गैरहजर कोण, तर एकटी भिंगरी. वाघ म्हणणाऱ्या आईने आपला मुलगा वेळेआधी पोचवला होता. मोटारीचे मास्तर मला पाहून रस्त्याच्या पलीकडून गेले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण आता माघार घेतली तर लोक हसतील, म्हणून मी लेकीला दुकानात नेलं. सकाळी अपूर्णांक, मग निबंध, दुपारी ‘व्यवहारज्ञान’ असा बेत होता. अपूर्णांक मला आठवेनात. निबंधाला मी ‘माझी आवडती जागा’ असा विषय दिला, तर तिने ‘बाक’ एवढा एकच शब्द लिहिला आणि वही मिटली. म्हणून मी थेट व्यवहारज्ञानावर आलो आणि तिच्या हातात छडी दिली. माझ्या दुकानाची रचना तुला आठवत असेल. गिऱ्हाईक उंच स्टुलावर बसतं, समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता, वर मोठं अक्षर आणि खाली मुंग्यांएवढी ओळ. मी गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड गोल फ्रेम चढवून तिच्यात भिंगं बदलत असतो. तक्ता मला पाठ आहे, त्यामुळे माझी पाठ तक्त्याकडे आणि डोळे गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे. भिंगरीने तक्त्याशेजारी उभं राहून एकेका अक्षराला छडी लावायची, आणि माणसाने ते वाचायचं.

ताई, त्या दिवशी दुकानात चमत्कार घडायला लागले. शिंप्याने शेवटची ओळ घडाघडा वाचली. घरमालकीणबाईंनी वाचली, ज्यांना मी समोर उभा असताना त्यांचा भाडेकरू तो मीच हे आवाजावरून ओळखावं लागतं. मोटारीचे मास्तर (मैत्रीपोटी नव्हे, चष्मा मोडला म्हणून आले होते) त्यांनीही वाचली. मी हरखून गेलो. आपल्या हाताला यश आलं असं समजून प्रत्येकाला सांगत सुटलो की तुमची नजर सुधारलीय, चष्म्याची गरजच नाही. दोन दिवस मी एकही चष्मा विकला नाही आणि ह्याचाच मला अभिमान वाटत होता. मंगळवारी भाऊजी तुमच्या गावाहून कामासाठी आले तेव्हा दुकानात डोकावले. त्यांनीही वाचली. मी त्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणालो, भाऊजी, तुमची नजर पोराची आहे! त्यांनी आनंदाने चष्मा काढून पिशवीत टाकला आणि मला घरी येण्याचा आग्रह करून ते निघाले. (आग्रह ते मला करत होते, पण बघत होते टोप्या टांगायच्या खुंटीकडे. हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.)

बुधवारी मोटारीचे मास्तर परत आले ते थेट दुकानाच्या काचेच्या दारावर. दार बंद होतं, ते त्यांना उघडं दिसलं. त्यांच्या कपाळावर बर्फ धरून मी त्यांना पुन्हा स्टुलावर बसवलं, आणि त्यांनी पुन्हा शेवटची ओळ घडाघडा वाचली. तेव्हा मात्र मी वळलो. आमची कन्या तक्त्याशेजारी उभी राहून हवेत हातभर अक्षरं काढत होती. तीही उलटी, म्हणजे समोरच्याला सुलटी दिसावीत म्हणून! मला राग यावा की कौतुक वाटावं हेच कळेना. मी विचारलं, हे काय चाललंय? तर म्हणाली, बाबा, तू सगळ्यांना ‘नीट बघा, नीट बघा’ म्हणून रागवतोस. त्यांना येत नव्हतं. आमच्या वर्गात कोणी अडलं की आम्ही सांगतो. एवढं बोलून रडायला लागली, आणि ते रडणं मास्तरांच्या कपाळासाठी नाही हे माझ्यासारख्यालाही कळलं. पण कळूनही ‘उद्या शाळेत जा’ हे शब्द काही बाहेर पडेनात, कारण तोंडात ते तत्त्व अडकलं होतं.

गुरुवारी शाळा सुटल्यावर कुरळी आईबरोबर दुकानात आली. रविवारी आम्ही निघतोय, नव्या गावी कोण ओळखीचं असणार, म्हणून आधी हिचे डोळे तपासून घेते, असं आई म्हणाली. दोघी पोरी एकमेकींकडे बघून नुसत्या उभ्या राहिल्या. मी कुरळीला स्टुलावर बसवलं. भिंगरीने छडी उचलली, आणि ह्या वेळी तिने हवेत काहीही काढलं नाही. सगळ्यात वरचं, ताटाएवढं अक्षर होतं प. कुरळी म्हणाली, ठ. खालचं म. ती म्हणाली, काहीच दिसत नाही. मी भिंगं बदलली, पुन्हा बदलली, माझ्याकडची सगळ्यात जाड काच लावली. पोर म्हणाली, आता जरा धुरकट दिसतंय. मला घाम फुटला. एवढं अधू मूल इतकी वर्षं शाळेत बसलं आणि कोणाच्या लक्षात आलं नाही! आईही घाबरली. तेवढ्यात कुरळीने नाकावरची फ्रेम खाली सरकवून मान वळवली आणि खोलीच्या पार टोकाला कपाटात ठेवलेल्या फ्रेमवरची बारीक चिठ्ठी वाचून म्हणाली, ही निळी किती छान आहे, पण मोठ्यांसाठी असं लिहिलंय.

मी भिंगरीकडे पाहिलं. ती छडी घट्ट धरून जमिनीकडे बघत होती. नंबर निघत नाही तोवर मैत्रीण दुकानातून हलायची नाही, एवढाच दोघींचा हिशेब होता. कुरळीची आई हळूच म्हणाली, आम्ही मागच्याच आठवड्यात निघणार होतो. शेवटचे दिवस दोघींना मिळावेत म्हणून थांबलो. पण तुमची येतच नाही, म्हणून ही रोज रडत घरी येते.

ताई, मला फार फार लाज वाटली. ज्या दिवसांना मी वाया गेलेले म्हणत होतो ते ह्या दोघींसाठी कुरळीच्या घरच्यांनी मुद्दाम राखून ठेवलेले होते, आणि मी ते परस्पर रद्द करून टाकले. मी घसा साफ केला आणि धंद्यात आजवर कधी केलं नाही ते केलं, ठरवून खोटं बोललो. म्हणालो, डोळे थकलेत, आज नंबर निघायचा नाही. मुलीला मागच्या खोलीत अंधारात विश्रांती घेऊ द्या, सोबतीला कोणीतरी हवं. उद्या शाळेनंतर पुन्हा तपासू, परवाही बघावं लागेल. आईने माझ्याकडे एकदा पाहिलं, स्टुलावर बसली आणि म्हणाली, चहा मिळेल का? मागच्या खोलीतून इतका हसण्याचा आवाज येत होता की विश्रांती घेणारे डोळे नक्की कोणाचे ते कुणालाच सांगता आलं नसतं.

शुक्रवारी मी स्वतः भिंगरीला शाळेत घेऊन गेलो. मुख्याध्यापिकाबाई फाटकातच उभ्या होत्या. मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, हजेरी मी रोजच लावत होते, येईल असं वाटत होतं. वर्गात पेंग्विन चालू होता, तिसऱ्यांदा. वर्गबाईंना बाकं सरकवायला माणूस हवा होता म्हणून मी थांबलो आणि मागे भिंतीला टेकून उभा राहिलो. वर्गातलं एकही पोर पडद्याकडे बघत नव्हतं. आमच्या दोघी आपल्या बाकावर डोक्याला डोकं लावून काय बोलत होत्या कोण जाणे. शेवटपर्यंत सिनेमा पाहिला तो मी एकट्याने. पिल्लू घरी पोचलं तेव्हा माझे डोळे भरून आले. वर्गबाईंनी मला रुमाल दिला.

असो. लिहिता लिहिता रविवार उजाडला आणि मावळला. कुरळीचे डोळे शेवटी उत्तम निघाले, निघताना तिने मुंग्यांची ओळसुद्धा वाचून दाखवली. भावजयीचा तुला नमस्कार, भिंगरीचा गोड पापा. भाऊजींना जपायला सांग, म्हणजे शब्दशः जपायला.

तुझा,
तत्त्व सोडलेला भाऊ

ता. क. भाऊजींची नजर पोराची आहे असं मी म्हणालो होतो ते मागे घेतो. त्यांना पिशवीतला चष्मा ताबडतोब घालायला लाव आणि तोवर स्कूटरची किल्ली तुझ्याकडे ठेव. फोन केला असता, पण तो नेहमी तेच उचलतात, आणि ते अजून फार आनंदात आहेत.

ता. क. २. मुख्य गोष्ट राहिलीच. कुरळीच्या वडिलांची बदली तुमच्याच गावी झाली आहे, घर तुमच्या पाणीटाकीजवळ आहे म्हणे. सुट्टीभर भिंगरीला तुझ्याकडे पाठवू का? नाही म्हणू नकोस. मी तिला सांगून बसलोय, आणि ती तेव्हापासून माझ्याशी पुन्हा हसून बोलायला लागलीय.

ता. क. ३. तुझ्याकडे राहिलेलं प्रत्येक पोर पाढे पाठ करूनच परत येतं ही तुझी ख्याती आहे. एवढ्या वेळी, ताई, माझ्यासाठी, तिला काही म्हणजे काहीही शिकवू नकोस.