पेन्सिलीचा शेरा

३ नोव्हें., सोम.

कोडची लायब्ररी कॉम्प्युटरवर बसली एकदाची. सकाळपासून दोनदा रुसली, तिसऱ्यांदा मीच कंटाळून चहा प्यायला उठले, परत आले तर चालू. का चालली, माहीत नाही. विचारायचं नाही.

देवरे काकूंचं काम आहे. पंचवटीतलं त्यांचं वधूवर केंद्र, दोन खोल्या, अठ्ठावीस वर्षं. तुळशीचं लग्न झालं की 'आमच्या स्थळाचं काय झालं हो?' हा एकच प्रश्न दिवसातून पन्नासदा. काकूंचा घसा बसलाय. म्हणून मेसेजवर उत्तरं देणारी एजंट हवी. मी टाइपस्क्रिप्ट या कोडच्या भाषेत लिहायचं तिने काय वाचायचं, काय बोलायचं. लायब्ररी ते इंटरनेटवरच्या प्लॅटफॉर्मला पोचवणार, तिथे ती चालणार. मशीन विकत घ्या, सांभाळा, भानगड नाही.

काकू : "नाव शुभा ठेव. लोकांना वाटलं पाहिजे, टेबलावर मुलगी बसलीये."

ताई शाळेत शिकवून साडेसहाला आली. सिन्नरपासून एसटीत उभी. तरी आल्या आल्या अण्णांच्या गोळ्या तिनेच दिल्या. मी दिवसभर घरात होते, मला आठवलंही नव्हतं.

५ नोव्हें., बुध.

अकरा रजिस्टरं! काकूंनी पिशव्या भरून दिली. प्रत्येक पानाचा फोटो काढला, अक्षर वाचणाऱ्या प्रोग्रॅमला दिला. काकूंचं अक्षर टपोरं, त्यामुळे फार चुका नाहीत.

नोंदीचा टाइप, म्हणजे साचा, लिहिला : नाव, नंबर, जन्म, शिक्षण, अपेक्षा, शेरा. शेरा म्हणजे होकार-नकाराचं कारण. सगळ्या नोंदी त्यात बसल्या. चूक दाखवणारी लाल रेघ एकही नाही. असा दिवस वर्षातून एकदा येतो.

यात कुठेतरी ताईचं पान असणार. शोधलं नाही. तिच्या मंगळाची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ आहे. तीन चांगली स्थळं आली, तिन्ही पत्रिकेवरून गेली. अकरा वर्षं झाली. परत काय वाचायचं.

७ नोव्हें., शुक्र.

डिप्लॉय केली, म्हणजे लोकांसाठी सुरू केली. ११.१०. चाळीस ओळींची स्क्रिप्ट, एंटर, आणि शुभा उभी. काकूंनी स्वतःच्या फोनवरून तिला नमस्कार पाठवला, तिने उलट नमस्कार करून तब्येत विचारली. काकू हरखल्या. पेढे मागवले. मी चार खाल्ले.

दुपारपर्यंत तीस-बत्तीस जणांना उत्तरं दिली तिने. एकही अडलं नाही. मी फार हुशार आहे.

८ नोव्हें., शनि.

मी गाढव आहे.

साडेनऊला काकूंचा फोन. आधी नुसतं खोकणं. मग, "अमृता, बंद कर तिला. आत्ताच्या आत्ता. तिने खरं सांगितलंय सगळ्यांना."

खरं म्हणजे? शुभाच्या बोलण्याचा लॉग उघडला. उभ्या उभ्याच वाचत गेले.

'आपल्या स्थळाला नकार आला कारण मुलीची आई कोणाला बोलू देत नाही.'

'मुलाला पहिल्या भेटीत फार घाम आला, मुलीने नको म्हटलं.'

'मुलीच्या अंगावरच्या डागाबद्दल शेजारणीने सांगितलं.'

आणि हे सगळं इतक्या गोड भाषेत! शेवटी प्रत्येकाला 'आणखी काही मदत करू का?'

थांबवायला एक ओळ लागते. ती लिहायला माझ्या हाताला चार मिनिटं लागली.

तोवर वणीकडच्या एका गृहस्थांनी माझा नंबर मिळवला होता. मला वाटलं शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं. "ओ मॅडम, माझा पोरगा अडखळत बोलतो, ते आम्हाला ठावं हाय. पण लोक त्याच्यापायी नाय म्हणत्यात, हे त्याला ठावं नव्हतं. आम्ही लपवलं व्हतं. त्यानंच वाचलं ना फोनवर." मी माफी मागितली. ते म्हणाले, "आता मागून काय." आणि ठेवला.



९ नोव्हें., रवि.

पंचवटीत गेले. काकू रजिस्टर उघडून बसलेल्या. रडून झालं होतं, आता चिडल्या होत्या.

"हे बघ. पेनाने काय लिहिलंय?"

पत्रिका जुळत नाही.

"आणि शेजारी पेन्सिलीने?"

शेजारी, बारीक, फिकट : मुलगा फार अडखळतो.

"पेनाचं सांगायचं असतं. पेन्सिलीचं आपल्यापुरतं, पुढचं स्थळ सुचवताना कामाला यावं म्हणून. अठ्ठावीस वर्षांत एकदा माझ्या तोंडून पेन्सिलीचं गेलं नाही गं."

मी कधी विचारलंच नाही. फोटो काळे-पांढरे करून वाचले, त्यात पेन आणि पेन्सिल एक झाली. माझ्या टाइपमध्ये शेरा एकच. त्यात दोन्ही सलग. कॉम्प्युटर म्हणाला बरोबर, मी म्हटलं बरोबर. शुभाला दोन कारणं मिळाली, तिने जास्त तपशिलाचं उचललं. तिची काय चूक.

मी जरा वाद घातला. म्हटलं, खोटं सांगण्यापेक्षा... काकूंनी पुरं करू दिलं नाही. "नकार ऐकलेल्या मुलीला दुसऱ्या दिवशी केस विंचरून दुसऱ्या स्थळापुढे बसायचं असतं. पत्रिकेवर रागावता येतं. स्वतःच्या रंगावर रागावून कुठे जाशील?"

मी रजिस्टर माझ्याकडे ओढलं.

ठरलं : शेऱ्याचे दोन भाग करायचे. शुभाला फक्त पेनाचा दिसेल.

१० नोव्हें., सोम.

रंगीत फोटो परत वाचायला लावले. निळं ते पेन, राखाडी ती पेन्सिल. जुनी रजिस्टरं मात्र डोळ्यांनीच तपासावी लागली, तिथे पेनही फिकट झालंय. दुपारी सातवं रजिस्टर.

ताईचं पान.

पेन : पत्रिका जुळत नाही (मंगळ). तीनदा. तीच तीन स्थळं.

पेन्सिल, पहिलं : मुलाकडून होकार. मुलीचे वडील म्हणाले इतक्यात नको.

दुसरं : मुलाकडून होकार, दोनदा निरोप. वडील म्हणतात बायकोला उचलायला दोघं लागतात. मुलीला मंगळ सांगा म्हणाले.

तिसरं : होकार. वडील म्हणतात धाकटीचं शेवटचं वर्ष आहे, तिला मधूनच बोलावणार नाही. मुलीला मंगळच सांगा.

धाकटी म्हणजे मी.

नंतर

दहा वेळा वाचलं. पेन्सिलच आहे. काकूंचंच अक्षर आहे.

आईला अर्धांगवायू झाला तेव्हा मी पुण्यात सेकंड इयरला. अण्णा फोनवर म्हणायचे, तू अभ्यास कर, इथे ताई आहे. इथे ताई आहे. हे वाक्य मी किती सहज ऐकलं! आई चार वर्षांपूर्वी गेली. तेव्हा ताई पस्तिशीची झाली होती.

११ नोव्हें., मंगळ.

मंगळवार. ताईचा उपास. मंगळ शांत व्हावा म्हणून अण्णांनीच धरायला सांगितलेला.

सकाळी भगर करत होती. मी म्हटलं, अजून कशाला करतेस? हसली. "आता सवय झाली गं. मंगळवारी पोळी घशाखाली उतरत नाही." डबा भरला, अण्णांचा चहा झाकून ठेवला, सव्वानऊच्या बसला पळाली.

मी स्वयंपाकघरात उभी. ओरडावंसं वाटलं. कोणावर? अण्णा बाहेर पेपर घेऊन बसले होते, त्यांनी तिथूनच चष्मा मागितला, मी नेऊन दिला.

शांत करायला मंगळ होताच कुठे.

१२ नोव्हें., बुध.

काकूंना फोन. "अगं, त्या पिशव्यांत तुमचं पान आहे हे मला आठवलंच नाही बघ. आठवलं असतं तर दिलं असतं का?"

मी विचारलं, तुम्हाला काहीच वाटलं नाही?

"तुझे वडील या खुर्चीत बसून रडले, अमृता. तुझी आई घरी ओल्या चादरीवर. मी पेन्सिल घेतली आणि लिहिलं. आणखी काय करणार होते मी?"

रागवायला फोन केला होता. राग धड कोणावर बसेना.

१३ नोव्हें., गुरु.

अण्णा मटार सोलत होते. ताई शाळेत. मी समोर बसले आणि विचारलंच. रजिस्टरातलं पान मोबाईलवर दाखवलं.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. वाचलं. नाकारलं नाही. मला वाटलं होतं नाकारतील.

"दर वेळी वाटायचं, एकच वर्ष. फक्त एक वर्ष."

मी म्हटलं, ताईला विचारायचं तरी.

"विचारलं असतं तर ती स्वतःच नको म्हणाली असती. मग माझ्यासाठी थांबली असं झालं असतं. मंगळावर गेलं ते बरं, असं वाटलं."

मी म्हटलं, कोणाला बरं?

अण्णा शेंगा सोलायला लागले परत. दाणे खाली पडत होते. मी उचलले नाहीत. मग म्हणाले, "फेब्रुवारीत तुझं लग्न आहे. त्याच्या तोंडावर हे काढू नकोस. तिला सांगू नकोस, अमू."

माझं लग्न मी ठरवलं. माझी पत्रिका या घरात कोणी मागितली नाही. हे मला आज, या वयात, इतका पगार घेऊन, सुचतंय.

१४ नोव्हें., शुक्र.

शुभा पुन्हा डिप्लॉय केली. दुसरी आवृत्ती. नियम : नकाराचं कारण फक्त पेनाच्या शेऱ्यातून. पेन्सिल तिला दिसतच नाही. कुठे अडली तर 'आमच्या माणसाला विचारते' म्हणायचं आणि बोलणं पुढे द्यायचं. आमचा माणूस म्हणजे काकूंचा घसा सुधारेपर्यंत मी. पन्नास प्रश्न विचारून पाहिले, पन्नासही वेळा सभ्य खोटं बोलली. काकू खूष.

संध्याकाळी ताई शाळेतली बातमी घेऊन आली. स्टाफरूममधल्या एका बाईंच्या भावाला 'तुझ्या शुभाने' खरं कारण सांगितलं म्हणे, घरात रणकंदन. ताई सांगताना इतकी हसली की ठसका लागला. अण्णा ताटाकडे बघत होते.

मग पाणी पिऊन म्हणाली, "आपलं बरं, सरळ मंगळ होता."

माझ्याकडे बघत म्हणाली का? की मला वाटलं?

१५ नोव्हें., शनि.

काकूंच्या सांगण्यावरून अकराही रजिस्टरांतल्या सगळ्या नंबरांना माफीचा मेसेज पाठवायचा होता. 'गेल्या आठवड्यात चुकीची माहिती गेली. आपल्या स्थळाबद्दल काही विचारायचं असल्यास शुभाला जरूर विचारा.' चुकीची माहिती! एक अक्षर चुकीचं नव्हतं.

एकेका नंबराला मेसेज पाठवणारा लूप लिहिला. ताईचा नंबर वगळायची एक ओळ घातली. जेवून आले, ती खोडली. परत घातली. परत खोडली आणि चालवलं.

का, ते इथेही लिहिता येत नाही. तिने विचारावं असं वाटत होतं बहुतेक. म्हणजे सांगण्याचं पाप माझं नाही. किती भित्री आहे मी.

१६ नोव्हें., रवि.

ताई दिवसभर घरी. मेसेज बघितला असणार, दोन निळ्या खुणा दिसतायत. माझ्या रुखवतासाठी क्रोशाचं तोरण विणत बसली. मोजताना दोनदा चुकली, उसवलं, परत विणलं.

१७ नोव्हें., सोम.

१.२०. शाळेची मधली सुट्टी. शुभाकडून सूचना : बोलणं माणसाकडे देत आहे.

उघडलं. नंबर ताईचा. जसंच्या तसं उतरवते.

ताई : नमस्कार. नोंद जुनी आहे. तीन स्थळं आली होती. नकार का आला?

शुभा : नमस्कार सुमनताई! तिन्ही स्थळांशी पत्रिका जुळली नव्हती. मनाला लावून घेऊ नका.

माझंच वाक्य. 'मनाला लावून घेऊ नका' मीच घातलं होतं, शुक्रवारी, काकूंना आवडेल म्हणून. अण्णांनी अकरा वर्षांपूर्वी सांगितलं ते आज मी तिला परत सांगितलं. सुधारून, तपासून, पन्नासपैकी पन्नास.

ताई : दुसऱ्या स्थळाकडे पत्रिका बघतच नव्हते. मुलाची आई चहा घेताना म्हणाली होती, आमच्यात मानत नाहीत. मी तिथेच बसले होते.

अकरा वर्षं. तिला माहीत होतं. निदान एकाचं तरी माहीत होतं. आणि तरी मंगळवार. तरी भगर.

शुभा : क्षमस्व, याबद्दल माझ्याकडे माहिती नाही. मी आमच्या माणसाला विचारते. थोडं थांबाल का?

ताई : थांबते.

खाली माझ्यासाठी रिकामी चौकट. अण्णांची आतून हाक आली, गोळी कुठली घ्यायची विचारत होते. मी उठले नाही.

१.३१. ताईचा आणखी एक मेसेज.

ताई : अमू, तिकडे तूच आहेस ना?

१.४०. अजून ऑनलाइन आहे ती. दोनला तिचा तास.

'हो' एवढं लिहिलंय. पाठवलेलं नाही.