गेटबाहेरची सव्वीस जानेवारी

अण्णा, यंदाच्या सव्वीस जानेवारीला चाकणच्या आमच्या कंपनीत झेंडा मी फडकवला. प्लांटची प्रमुख मी आहे, म्हणून गेली काही वर्षं तो मान माझ्याकडेच येतो. तुम्हाला हे माहीत असायचं कारण नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी डिप्लोमा संपवून नुकती कुठे ट्रेनी म्हणून लागले होते आणि मशीनवरून आलेले पार्ट तपासून ट्रेमध्ये लावत होते. तेव्हाही तुम्ही दवाखान्यात आलेल्या प्रत्येकाला सांगायचात, पोरगी विंजनेर हाय. मी दुरुस्त करायचे, अजून नाही. तुम्ही म्हणायचात, हुईल की, कुठं पळून चाललंय. तर ते झालं. पण यंदाचा दिवस वेगळा होता आणि तो तुम्हाला नीट, सुरुवातीपासून सांगावा असं कधीचं मनात आहे. त्यासाठी आधी कासारवाडीला जावं लागेल.

कासारवाडीच्या त्या दोन खोल्यांत दिवाळीलाही तुम्ही एवढे नटत नव्हतात. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारी, हे दोन दिवस तुमचे. आदल्या संध्याकाळी तुम्ही पितळी तांब्यात निखारे भरून कंपनीचा निळा शर्ट स्वतः इस्त्री करताय, आईला हात लावू देत नाही. रेल्वे गेली की भांडी थरथरतात, तेवढा वेळ तांब्या उचलून धरताय. मग माझे कॅनव्हासचे बूट. दर वर्षी पिंपरी कॅम्पातून नवे यायचे. ज्या वर्षी आणता आले नाहीत, त्या वर्षी तुम्ही शाळेचा खडू पाण्यात कालवून जुन्या बुटांना लावलात आणि उन्हात वाळत ठेवलेत. मी आठवीत होते. चालताना त्या बुटांची पांढरी पूड रस्त्यावर पडत होती.

ते टाळेबंदीचं वर्ष. पिंपरीच्या ज्या फाउंड्रीत तुम्ही वाळूचे साचे करायचात, वितळलेलं लोखंड ओतायचात, तिच्या गेटला मालकाने दिवाळीनंतर टाळं ठोकलं. पगारवाढीची बोलणी फिसकटली होती. गेटबाहेर मांडव पडला आणि रोज डबा घेऊन तुम्ही कामावर जावं तसे तिथे जाऊन बसू लागलात. आई एका खानावळीसाठी पोळ्या लाटायला लागली. गावाकडून, धाराशिवहून, काका दोनदा येऊन गेले, चला म्हणाले, रान आहे, काहीतरी करू. तुम्ही म्हणालात, माजं काम हितं हाय.

जानेवारी संपत आला तेव्हा युनियनचे सेक्रेटरी आणि दोन तरुण कामगार आपल्या स्वयंपाकघरात येऊन बसले होते. बसायला दुसरी जागाच नव्हती. मी कोपऱ्यात अभ्यास करत होते. तरुणांचं म्हणणं सरळ होतं. सव्वीस तारखेला आत साहेब लोक झेंडावंदन करतील, तेव्हा आपण बाहेर काळे झेंडे दाखवू, घोषणा देऊ, पेपरात येईल. सेक्रेटरींचं मन दोन्हीकडे होतं. तुम्ही सगळ्यांचं ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "काळा झेंडा कुठल्या बी दिवशी दावा. ह्या दिवशी नको."

"मग काय करायचं, अण्णा? ते आत लाडू खाणार, आपुन बघत बसायचं?"

"आपुन आपला झेंडा लावू. गेटच्या भाईर."

सेक्रेटरी म्हणाले, "पोलीस काय म्हणतील?"

"काय म्हणत्याल? ते बी उभं ऱ्हात्याल सॅल्यूट करून." तुम्ही हसलात. मग हसू थांबवून म्हणालात, "गेट मालकाचं हाय. झेंडा कुठं त्याचा हाय?"

त्यातला एक तरुण चिडला. "लईच हाय तुमचं. घरात पीठ न्हाई आन् झेंडावंदन."

आई पाठमोरी पोळ्या लाटत होती. वळली नाही. "पीठ हाय," म्हणाली. "तुमी झेंड्याचं बघा."

त्या दिवशी शाळेत मला कवायतीत पुढच्या रांगेत उभं राहायचं होतं. तुम्ही सकाळी म्हणालात, आज माझ्याबरोबर चल. मी फार नाखुशीने आले, हे तुम्हाला चालण्यावरून कळलंच असणार. गेटसमोर ऑइलचं रिकामं पिंप ठेवलं होतं, त्यात फाउंड्रीच्या उकिरड्यावरची काळी वाळू भरली होती आणि त्यात पाइप उभा करायचं काम चाललं होतं. पाइप कलत होता. तुम्ही तो दोन्ही हातांनी धरून ठेवला होता, बाकीचे वाळू ठासत होते. रस्त्यापलीकडे पोलिसांची गाडी. गेटच्या गजांतून आतलं पटांगण दिसत होतं, धुतलेलं, रांगोळी काढलेलं, आणि ऑफिसचे मोजके लोक ओळीने उभे. एवढ्यात आतल्या कर्ण्यावर राष्ट्रगीताची रेकॉर्ड लागली. आपली तयारी अजून अर्धी होती. पण बाहेरची सगळी माणसं जिथल्या तिथे ताठ झाली. तुम्ही पाइप सोडू शकत नव्हतात, म्हणून पाइप धरूनच ताठ. स्वयंपाकघरात चिडलेला तो तरुण दंडावर काळी फीत बांधून तुमच्या शेजारी होता. त्यानेही हात खाली केले.

मग आपला झेंडा. दोरी ओढायला तुम्ही सगळ्यांत म्हाताऱ्या मिस्त्रींना पुढे केलंत, त्यांची निवृत्ती जवळ आली होती. झेंडा वर गेला, फुलं पडली, आणि मग कुणालाच गाणं सुरू करता येईना. कर्णा नाही, रेकॉर्ड नाही. एकाने सुरुवात केली ती इतक्या खालच्या पट्टीत की दोन शब्दांत थांबला. कुणीतरी हसलं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "तू धर," म्हणालात.

मी धरलं. सुरुवातीला माझा एकटीचा आवाज त्या रस्त्यावर, आणि मग मागून तुम्हा सगळ्यांचे जाडेभरडे आवाज आले. इतके आले की मला माझा ऐकू येईनासा झाला. आतली मंडळी चहाकडे वळली होती. ती थांबली. फॅक्टरी मॅनेजरच्या हातात कप होता, तो तसाच धरून ते आमच्याकडे तोंड करून उभे राहिले. शेवटपर्यंत. गजांच्या अलीकडे तुम्ही, पलीकडे ते, आणि गाणं आमचं. त्या मिनिटात मला काही समजलं असं मी म्हणणार नाही. पण तुमचा चेहरा मी बघितला, आणि आपल्या बापाला कुणी हरवलेलं नाही एवढं मला दिसलं.

नंतर ते मॅनेजर स्वतः गेटशी आले. हातात लाडवांचा खोका. वॉचमनने लहान दरवाजा उघडला. साहेबांनी खोका पुढे केला, म्हणाले, "घ्या. आजचा दिवस वेगळा आहे." त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती, हे मला आज कळतं. सगळे तुमच्याकडे बघायला लागले. तुम्ही हात जोडलेत आणि म्हणालात, "साहेब, आत येऊन खाऊ."

साहेब "बरं" म्हणाले आणि खोका घेऊन परत गेले. मला सडकून भूक लागली होती. घरी येताना मी म्हणाले, तो माणूस चोर आहे. तुम्ही रस्त्यात उभे राहिलात. तुम्ही मला रागावल्याच्या आठवणी फार नाहीत, पण ही आहे. "भांडण कामाचं हाय," म्हणालात. "माणसाला नावं ठेवायची न्हाईत. उद्या त्याच्याच समोर बसून बोलायचंय आपल्याला." घरी आईने शिरा केला होता.

टाळं उन्हाळ्यात निघालं. करार झाला, तुम्ही परत कामावर गेलात. सगळे नाही गेले. जे कायम नव्हते त्यांच्यातले बरेच बाहेर राहिले, आणि त्यात तो दंडावर फीत बांधणारा तरुणही होता. त्याच्यासाठी तुम्ही आणि सेक्रेटरी कितीदा ऑफिसात गेलात. पुढे तो तळेगावला एका वर्कशॉपमध्ये लागला, दसऱ्याला सोनं द्यायला यायचा. आणि त्या पंधरा ऑगस्टला तुम्ही दुपारी घरी आलात, रुमालाची गाठ सोडलीत, आत एक लाडू. अर्धा तुटलेला. "आत गेलो," म्हणालात. "खा." मी आणि धाकट्या भावाने वाटून खाल्ला. तुम्ही खाल्ला होता का, ते कधी विचारलं नाही.

आता यंदाचं. आमच्या कंपनीत गाड्यांचे पार्ट होतात. तुमच्या फाउंड्रीसारखा धूर नाही, आत पांढरा उजेड, जमिनीवर पिवळे पट्टे. झेंडावंदनाला दरवर्षी कायम कामगार आणि ऑफिसची मंडळी येतात, सहकुटुंब. जेवण असतं. कंत्राटी पोरापोरींना बोलवत नाहीत. त्यांना सुट्टी. वाईट हेतूने कुणी हे ठरवलेलं नाही, आधीपासून चालत आलं म्हणून चालू. मीही चालू दिलं होतं. गेल्या डिसेंबरात असेंब्ली लाइनवरून जाताना एक मुलगी, परभणीकडची, शेजारणीला सांगत होती की तिच्या वडलांना कंपनी बघायची आहे, पण आपल्यासारख्यांच्या घरच्यांना आत सोडत नाहीत. तिला मी मागे उभी आहे हे माहीत नव्हतं. मी केबिनमध्ये गेले आणि एचआरच्या प्रमुखांना बोलावलं. चांगला माणूस आहे, माझ्यापेक्षा वयाने लहान.

म्हटलं, "सव्वीसला सगळ्यांना बोलवा. कंत्राटीसुद्धा. आणि सांगा, वडलांना घेऊन या. वडील नसतील तर आईला, ज्यांनी वाढवलं त्यांना."

"मॅडम, एवढे लोक? जेवण, बस, सेफ्टी..."

"करू की. महिना आहे हातात."

तो उठला नाही. म्हणाला, "खरं सांगू? एकदा आत घेतलं की कायम करा म्हणतील."

"म्हणतील," मी म्हणाले. "म्हणू देत. ते म्हणणं त्यांचं आहे, ऐकणं आपलं काम आहे."

हेच पुढे डायरेक्टरांनी फोनवर विचारलं. त्यांना मी सांगितलं की हा प्लांट जो माल पाठवतो त्यातला बराच या मुलांच्या हातून जातो आणि त्यांच्या घरच्यांना गेटपासून लांब ठेवून मला भाषण करता येणार नाही. ते म्हणाले, रिस्क तुमची. मी म्हणाले, हो, माझीच. अण्णा, माझा आवाज जरासुद्धा कापला नाही.

आणि आले हो सगळे. नांदेडहून, बीडहून, विदर्भातून, काही बिहारकडचेही. काही बाप रात्रभर एसटीने प्रवास करून थेट. कुणी धोतर, कुणी नव्या कडक शर्टात. परभणीच्या त्या मुलीचे वडील गेटच्या आत येऊन चपला काढायला लागले. ती म्हणाली, "बाबा, ऱ्हाऊ द्या, हितं घालूनच चालतेत." ते मला म्हणाले, "बाई, मशिनीला हात लावला तर चालंल का?" मी म्हटलं, बंद आहे, लावा. त्यांनी लेकीच्या मशीनवर तळवा ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मुलगी लाजून दुसरीकडे बघत होती.

झेंडा मी फडकवला. एचआरने सुचवलं होतं की एखाद्या वडलांच्या हस्ते करू, फोटो छान येईल. मी नाही म्हटलं. मला माहीत आहे, तुम्ही असतात तर म्हणाला असतात, तिथवर गेलीस तर दोरी तूच वढ. कर्णा बंद ठेवायला सांगितला. गायलो आम्ही, सगळे, आपापल्या पट्टीत. छान झालं असं काही म्हणता यायचं नाही. मोठं झालं.

जेवणाआधी मी विचारलं, कुणाला काही बोलायचंय का. असं विचारायची पद्धत आहे, उत्तर द्यायची नाही. पण तीच परभणीची मुलगी उठली. वडील शेजारी बसले होते, त्यांनी तिचा ओढणीचा पदर ओढला, ती बसली नाही. म्हणाली, "मॅडम, आज आत घेतलंत, बरं वाटलं. उद्याचं काय?"

एचआरने माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "कायम करणं माझ्या एकटीच्या हातात नाही. खोटं आश्वासन देणार नाही. कॅन्टीन आणि बस मात्र माझ्या हातात आहेत, त्या उद्यापासून सगळ्यांना सारख्याच. आणि कायम करण्याची मागणी महिनाभरात वर जाईल, माझ्या सहीने. काय उत्तर आलं ते इथेच उभी राहून सांगीन." टाळ्या पडल्या नाहीत. ती "बरं" म्हणाली आणि बसली. मला ते टाळ्यांपेक्षा बरं वाटलं.

उत्तर मागच्या आठवड्यात आलं. काही जणांना कायम केलंय, सगळ्यांना नाही. ती मुलगी पहिल्या यादीत आहे. उरलेल्यांचं मी तिथेच उभी राहून सांगितलं, तोंडं उतरलेली बघितली, आणि सहा महिन्यांनी पुन्हा मागणार आहे हेही सांगितलं. मागणार आहे. तुमच्यासारखं ऑफिसात जाऊन समोर बसायचं मला आता जमतं. फरक इतकाच की ऑफिस बऱ्याचदा माझंच असतं.

हे कुठे पाठवायचं हा प्रश्न नाही, कागद माझ्याकडेच राहील. एक गोष्ट मात्र तुम्हालाच सांगण्यासारखी आहे. कंपनीत नवीन कुणी आलं की ओळख होताना विचारतातच, मॅडम, वडील काय करतात? मी सांगते, पिंपरीला फाउंड्रीत आहेत. 'होते' म्हणायचं असतं, मला कळतं. दर वेळी ठरवते की पुढच्याला बरोबर सांगायचं, आणि अजून एकदाही सांगितलेलं नाही.